लाल गाडीचे खरे किलोमीटर

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला नेमणूक असताना एका लाल गाडीचा गुन्हा माझ्याकडे तपासाला आला होता. निवृत्त झालो, गणवेश कपाटात गेला, तरी त्या आठ-दहा दिवसांतला एकेक प्रसंग मला आजही क्रमानं सांगता येतो. कारण एकच. त्या गुन्ह्यात माझ्या हातून एक निरपराध माणूस लॉकअपमध्ये जाता जाता राहिला.

इथे कुणाचंही नाव लिहीत नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याला मिस्त्री म्हणतो, गावातही त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत.

मिस्त्रीच्या घरची हकिकत मला पहिल्याच दिवशी कळली. त्याचे आईवडील दर वर्षी दिवाळी झाली की घराला कडी घालून वीटभट्टीवर जायचे ते थेट उन्हाळा संपता संपता परतायचे. मुकादम गावात यायचा, नावं लावायचा, उचल द्यायचा, आणि ट्रक भरून माणसं न्यायचा. पोरगा अठरा वर्षांचा झाल्यावर भट्टीवर न जाता पुण्याला गेला. तिथे वेगवान, महागड्या गाड्या दुरुस्त होणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यानं नऊ वर्षं काम केलं आणि मग परत येऊन वाशीम रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज टाकलं. त्या वर्षीपासून आईवडील भट्टीवर गेले नाहीत. घराला कडी लागली नाही.

मीही तशाच कष्टकरी घरातला, घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला. वडील जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, मी बी.ए. झालो. हे मी अभिमानानं सांगतो आणि लपवायचं कारण नाही. त्यामुळे अशा घरातला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याच्या मागे किती जण उभे असतात, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

फिर्यादी होते मंगरूळपीरकडचे एक बँडवाले. वयानं पन्नाशीचे, आवाज त्यांच्या ढोलासारखाच मोठा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्यांनी गाडीचे कागद आपटले.

"साहेब, माही गाडी त्या मिस्त्र्यानं आतून पोकळ केली. चांगले पार्ट काढून घेतले अन् भंगार भरलं!"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पहिल्या दहा मिनिटांत फिर्यादीला मध्येच तोडू नये, हा माझा नेम होता. रागाचं सगळं बाहेर पडल्याशिवाय खरी हकिकत वर येत नाही.

हकिकत अशी. आजकाल लग्नात घोड्याला मागणी कमी झाली आहे. "घोड्याले आता कोनी पुसत नाही, साहेब. नवरदेवाले लाल गाडी पायजे, भुर्रकन आवाज करनारी." म्हणून त्यांनी वाशीमच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून लाल रंगाची, टर्बो इंजिनाची, पळायला तेज अशी गाडी घेतली. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. तीन महिने गाडी छान चालली. मग मालेगावच्या मिस्त्रीकडे ऑइल बदलून घेतलं. त्यानंतर आठवड्याभरात ऐन लग्नाच्या दिवशी रस्त्यात मोठा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं.

"गाडीत कोण होतं?" मी विचारलं.

"नवरदेव!" बँडवाल्यांनी कपाळाला हात लावला. "फेट्यासकट मोटरसायकलवर बसवून नेला, मामा अन् करवला मांगं-पुढं. अख्ख्या वऱ्हाडानं मले शिव्या घातल्या. आता माह्या गाडीले कोन बोलावते?"

ठाण्यात हसू आवरणं कठीण झालं, पण त्या माणसाची सीझनभराची कमाई आणि इभ्रत दोन्ही गेली होती. गाडी त्यांनी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथे इंजिन उघडलं आणि इंग्रजीत टाइप केलेला, शिक्का मारलेला अहवाल मिळाला. अहवालात लिहिलं होतं की आतल्या भागांची झीज दीड लाखापेक्षा जास्त चाललेल्या गाडीची आहे.

बँडवाल्यांनी सरळ हिशेब मांडला. गाडी अडतीस हजार चाललेली, आतले भाग दीड लाखाचे. मधल्या काळात गाडीला हात कुणी लावला? मिस्त्रीनं. म्हणजे बदललं कुणी? मिस्त्रीनं.

मलाही ते पटलं. खोटं कशाला लिहू? तो इंग्रजी अहवाल मी स्वतः वाचला, कुणाला विचारावं लागलं नाही, याचा मला तेव्हा थोडा तोराच होता. पण अहवालात 'भाग बदलले' असं कुठेही नव्हतं. तेवढं फिर्यादी बोलले होते आणि मी ते अहवालातच वाचल्यासारखं धरून चाललो. फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. ठाणेदार साहेब म्हणाले, "अटक करून मोकळे व्हा. बँडवाला वर तक्रार करेल." मी म्हटलं, आधी नोटीस देऊन बोलावतो, जबाब घेतो, मग ठरवू.

नोटीस पोचली आणि गाडीचा पंचनामा उरकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळी दहाला हजर झाला. ग्रीस काढायला धुऊन धुऊन हात लाल झालेले. सोबत त्याचे वडील. वडील आत आले नाहीत. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले.

मी थेट विचारलं, "काय काय बदललं गाडीत?"

"ऑइल अन् फिल्टर. बाकी काईच नाही जी."

"मग आत भंगार कुठून आलं?"

तो गप्प. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा गप्प. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा कमी बोलत होता आणि प्रत्येक वेळी दाराकडे पाहत होता. बँडवाले बाहेर बसले होते, त्यांच्याकडे. मला वाटलं घाबरतो आहे. म्हणून बँडवाल्यांना चहाला पाठवलं. ते गेले तसा मिस्त्री बोलला.

"साहेब, ते गाडी अडतीस हजाराची नव्हतीच."

"कशावरून?"

"क्लच अन् ब्रेकच्या पायडलचं रबर पाहा तुमी. गुळगुळीत झालं हाये. स्टेरिंगचं चामडं चमकून राह्यलं. सीटची दाराकडची बाजू दबली हाये. अडतीस हजारात इतकं नाही होत. मानूस केस काळे करते, पन हाताच्या शिरा कुठी लपवन?"

मी तेव्हा केस काळे करत होतो. जबाब लिहून घेणारा जमादार माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहू लागला.

"हे तू बँडवाल्याला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? गाडी घेतली त्याच दिवशी पेढे घेऊन आल्ते ते. गाडीले हार, बॉनेटवर हळद-कुंकू. मले म्हने, मिस्त्री, नवी लक्ष्मी आनली, तोंड गोड करा. म्या पेढा खाल्ला. आता घेऊन झालेल्या गाडीत नुक्स काढनं बरं दिसते काय?"

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्या भागात नाही वाटत. कुणी घेतलेली वस्तू पेढे देऊन दाखवायला आणतो तेव्हा तिला नाव ठेवत नाहीत. गाय असो, प्लॉट असो, गाडी असो. घेण्याआधी विचारलं तर दहा खोडी सांगतील. घेतल्यावर 'चांगली हाये' एवढंच. मिस्त्रीनं तोच शिरस्ता पाळला होता.

"काहीच नाही बोललास?"

"बोललो जी, ऑइल बदलाले आले तवा. म्हनलं, भाऊ, टायमिंग बेल्ट पाहून घेऊ. तं ते भडकले. म्हने, पुस्तकात दीड लाखावर बदला लिहेल हाये, माही गाडी अडतीसची, लुटतं काय मले? मंग म्या तोंड बंद केलं."

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या आतला दातेरी पट्टा. तो वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, की आतले भाग एकमेकांवर आपटून इंजिन बसतं. त्या लाल गाडीचं नेमकं तेच झालं होतं.

बँडवाले चहा पिऊन आले. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न आता विचारला.

"गाडी मिस्त्रीकडे किती वेळ होती?"

"सकाळी दहाले देल्ली, दोनले आनली."

"तेवढा वेळ तिथे तुमचं कुणी होतं?"

"माहा साळा बसवला होता ना! मिस्त्र्यावर नजर ठेव म्हनलं, पार्टबिर्ट काढन."

"मग मेहुण्यानं इंजिन खाली उतरवताना पाहिलं?"

"नाही जी. तो तं म्हने, ऑइल बदललं अन् निघालो."

इंजिन पूर्ण उघडून आतले भाग बदलायला तीन-चार दिवस लागतात. पंचनाम्यात इंजिन नंबरही कागदाशी जुळत होता. म्हणजे इंजिन तेच, आणि ते आतून बदलायला वेळच मिळाला नव्हता. फिर्यादीचा मेहुणाच आरोपीचा साक्षीदार निघाला. पण यातून मिस्त्री सुटत असला तरी अडतीस हजाराचा आकडा कुठून आला ते कळत नव्हतं, आणि ते सिद्ध झाल्याशिवाय मिस्त्रीवरचा डाग पुसला जाणार नव्हता. मालेगावात बातमी पसरली होती. गुन्हा दाखल झाल्यापासून चार दिवसांत त्याच्या गॅरेजला एकही गाडी आली नव्हती.

मी बाहेर आलो तेव्हा त्याचे वडील उठून उभे राहिले. हात जोडले नाहीत, रडले नाहीत. एवढंच विचारलं, "साहेब, नेता काय त्याले आत? मुकादम आला हाये गावात. न्यायचं असन तं सांगा, म्हंजे आमी दोघं नाव लावतो."

मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा."

"मुकादम परवा जाते."

"मग परवापर्यंत थांबा."

शब्द देऊन बसलो, आणि आता तो खरा करायचा होता.

त्याच संध्याकाळी मी वाशीमच्या आरटीओ कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन केला. लोकांचे फॉर्म भरून देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे कुठली गाडी कुणाकडून कुणाकडे गेली हे त्याला तोंडपाठ. लाल गाडी म्हणताच तो हसला.

"साहेब, ते म्हातारी व्हती. स्टेशनच्या मांगं एक जन हाये, तो मीटर मांगं फिरवून गाड्या जवान करून देते. त्याच्याकडं पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादाराला घेऊन मी साध्या कपड्यांत वाशीमला गेलो. रेल्वे स्टेशनच्या मागे गाड्यांचे स्पीकर, लाइट, मागचा कॅमेरा बसवून देणारं छोटं दुकान. दुकानदार तिशीचा, बोटं फार सफाईदार. ओळख सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी लाल गाडीचं नावच काढलं नाही. माणसाला त्याच्या गुन्ह्याबद्दल विचारलं की तो दार लावून घेतो, त्याच्या कामाबद्दल विचारलं की खुर्ची देतो.

मी म्हटलं, "हे मीटर उघडायचं काम नाजूक असेल नाही? एखादी तार तुटली तर?"

"तुटत नाही, साहेब. पन लोक लय बेइमान. आधीपासूनच मीटरवर खराबीचा लाइट लागेल राह्यते, अन् म्हनते, तुह्याच हातानं लागला. म्हनून मी मीटर खोलायच्या आधी फोटो काढतो."

"प्रत्येक वेळी?"

"एकन् एक गाडी! आधी नंबरप्लेट, मंग मीटर, मंग काम झाल्यावर मीटर. मालकाले पाठवून देतो. झगडाच नको."

"वा," मी म्हटलं. "शिस्तीचा माणूस आहेस. दाखव बरं."

तो मोबाइल काढता काढता थांबला. तेव्हा त्याला समजलं. मी पंचांना बोलावून घेतलं, त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. धमकावायची गरज पडली नाही. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच फोन पुढे केला.

तीन फोटो होते. पहिला, लाल गाडीची नंबरप्लेट. दुसरा, मीटर: एक लाख एकसष्ट हजार चारशे. तिसरा, तेच मीटर: अडतीस हजार. खाली व्यापाऱ्याला पाठवलेला निरोप, 'झालं, पाहून घ्या.' आणि उत्तरादाखल व्यापाऱ्यानं पाठवलेलं अंगठ्याचं चित्र.

इतकी वर्षं नोकरी केली, पण आरोपीनं स्वतःचा गुन्हा इतक्या नीटनेटकेपणानं जपून ठेवलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. फोन पंचांसमक्ष जप्त केला. बाहेर आल्यावर जमादार म्हणाला, "साहेब, आता त्या म्हाताऱ्याले फोन लावा." मी म्हटलं, अजून एक कडी राहिली.

कागदावरून पहिल्या मालकाचा शोध लागला. पुण्याचे एक इंजिनीअर. फोनवर त्यांचा आवाज दुखावलेला वाटला.

"अडतीस हजार? अहो, मी स्वतः दीड लाखाच्या वर चालवली आहे ती. पुणे-नागपूर किती वेळा केलं असेल. पण ऑइल दर वेळी वेळेवर, पार्ट सगळे कंपनीचे. इतकी जाड फाइल केली होती मी. व्यापाऱ्याच्या हातात दिली. त्याला सांगितलंही, टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली आहे, तो मी केलेला नाही, म्हणून किंमत कमी धरा. त्यानं धरली."

ही फाइल कुठे आहे, हे मला व्यापाऱ्याला विचारायचं होतं.

व्यापारी ठाण्यात आला तो पांढऱ्या कपड्यांत, दोन माणसं सोबत घेऊन. सुरुवातीला त्याचं एकच पालुपद, "मले आली तशी इकली." मी वाद घातला नाही. तीन फोटोंच्या प्रिंट एकामागून एक टेबलावर ठेवल्या. मग त्यानं सोबतच्या माणसांना बाहेर जायला सांगितलं.

"साहेब, धंद्यातलं सांगतो तुमाले," तो खाली आवाजात म्हणाला. "साध्या गाडीले लोक मायलेज विचारते. असल्या पळनाऱ्या गाडीले पयलं विचारते, किती चालली? दुसरं, कोनं दामटली? आकडा लाखाच्या वर दिसला का गिऱ्हाईक समजते, पोरानं रगडून टाकली. हातच लावत नाही."

"पण फाइल होती ना? वेळेवर ऑइल, एकच मालक, सगळी कामं लिहिलेली. ती दाखवली असती तर?"

"तं थोड्या कमी भावात गेली असती. वाट पाहावं लागली असती."

"मग फाइल का नाही दिली?"

"फाइलीत प्रत्येक पानावर किलोमीटर लिहेल हायेत, साहेब. ते देल्ली असती तं आकडा कसा टिकला असता?"

फाइल त्याच्या दुकानाच्या कपाटात मिळाली. तीही जप्त केली. शेवटच्या पानावर पुण्याच्या वर्कशॉपवाल्यानं लिहिलं होतं की पुढच्या वेळी टायमिंग बेल्ट बदलावा.

मी ते पान मिस्त्रीला दाखवलं. त्यानं फाइल मांडीवर घेऊन पानं उलटली, आणि पहिल्यांदाच जरा मोकळं बोलला. "पाहा साहेब, कसली निगा ठेवली होती मालकानं. दीड लाख चालून इंजिनचा आवाज साफ होता, मले तवाच नवल वाटलं. गाडी म्हातारी व्हती, पन ठणठणीत. एक बेल्ट टाकला असता तं अजून लाखभर आरामात चालली असती. आकडा कमी केला म्हनून बेल्टची पाळी लपली. आकड्यानंच मारलं तिले."

मी जबाबात ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

बँडवाल्यांना बोलावलं. फोटो दाखवले, फाइल दाखवली. त्यांनी तिन्ही फोटो डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिले. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं, रागीट माणसाचे हात आधी बोलतात. पण हात शांत होते. मग ते मिस्त्रीकडे वळले.

"अबे, तवा सांगायचं ना मले! तोंडावर सांगायचं, भाऊ, तुमाले चुना लागला!"

"तुमी ऐकलं असतं काय?"

"नसतं ऐकलं," बँडवाले म्हणाले. "दोन शिव्या देल्या असत्या. पन बेल्ट टाकून घेतला असता घरी जाऊन, इचार करून."

"मंग चुकलंच माहं."

"माहं त्याच्याहून जादा चुकलं. ठाण्यात तुह्यं नाव मी घातलं."

व्हरांड्यात मिस्त्रीचे वडील बसले होते. मी स्वतः बाहेर जाऊन सांगितलं, "बाबा, नाव लावू नका. पोरगा घरी येतो आहे." त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि निघाले. जमादारानं विचारलं, कुठे चालले? म्हणाले, "मुकादमाले सांगाले. तो जागा धरून बसला हाये आमच्यासाठी." मी आत येऊन स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि खूप दिवसांनी निवांत जेवलो.

या तपासानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली माझ्या खात्यातली. कागद शिक्क्याचा असला तरी त्यात जेवढं लिहिलं आहे तेवढंच वाचायचं. फिर्यादीचं बोलणं त्यात मिसळलं की सरळ माणूस आरोपी होतो. दुसरी सगळ्यांसाठी. जुनी गाडी घ्यायला कुणी मला सल्ला विचारतो तेव्हा मी सांगतो, मीटर शेवटी पाहा. आधी सर्व्हिसची फाइल मागा, पायडलचं रबर पाहा, आणि पैसे देण्याच्या आधी एखाद्या मिस्त्रीला सोबत न्या. घेतल्यानंतर नेलं तर तो पेढा खाऊन गप्प बसेल. आणि ज्या गाडीची निगा कागदावर दिसते, ती जास्त चाललेली असली तरी घाबरू नका. फाइल नसलेली, कमी चाललेली गाडी मी तरी घेणार नाही.

पुढे व्यापाऱ्यानं न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड केली आणि इंजिन दुरुस्तीचा खर्च व किमतीतला फरक भरून दिला. बँडवाल्यांनी इंजिनाचं काम मालेगावलाच, त्याच मिस्त्रीकडून करून घेतलं. दोन सीझन गाडी नवरदेवांना घेऊन फिरली. मग त्यांनी ती विकली. खरे किलोमीटर सांगून, पूर्ण फाइल हातात देऊन. घेणाऱ्यानं फाइल वाचली आणि घासाघीस न करता घेतली.

दोषारोपपत्र मी लिहिलं. त्यात आरोपी म्हणून व्यापारी आणि मीटर बदलणारा ही दोन नावं होती. मिस्त्रीचं नाव साक्षीदारांच्या यादीत पहिलं होतं. त्याला एक दिवसही अटक झाली नाही, त्याचं गॅरेज चालू राहिलं, आणि त्याचे आईवडील पुन्हा भट्टीवर गेले नाहीत.